दिनविशेषात जन्मतारखांआधी कामाच्या तारखा छापा

प्रति,
मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मार्च लागला की आपल्या 'दिनविशेष' सदरात जागा पुरेनाशी होते. ६ मार्चला मायकेलअँजेलोचा जन्म, ९ मार्चला युरी गागारिनचा, १४ मार्चला आइन्स्टाइनचा, ३० मार्चला व्हॅन गॉगचा. १४ मार्चलाच कार्ल मार्क्स गेला आणि अलीकडे, २०१८ साली, स्टीफन हॉकिंगही. नाव, कंसात सालं आणि पुढे 'शास्त्रज्ञ', 'चित्रकार', 'अंतराळवीर' असा एकेक शब्द. सदर वाचून होतं आणि हाताला काही लागत नाही.

म्हणून एक मागणी करते. जन्म-मृत्यूच्या नोंदी कमी करा आणि कामाच्या तारखा वाढवा. आपण कोणत्या दिवशी जन्मावं हे कोणाच्याच हातात नसतं. पण एखाद्या माणसाने वर्षानुवर्षं खपून जे शोधलं ते ज्या दिवशी चार लोकांसमोर मांडलं, तो दिवस त्याने कमावलेला असतो. वाचकाला सांगायचा तो दिवस. मार्चचा दुसरा पंधरवडा अशा दिवसांनी भरलेला आहे आणि ज्या क्षेत्रात माझं आयुष्य गेलं, त्या वैद्यकाचा त्यात फार मोठा वाटा आहे.

मी निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. सरकारी रुग्णालयात नोकरीचा बराचसा काळ क्षयरोगाच्या थुंकी तपासणीत गेला. २४ मार्च उजाडला की वर्तमानपत्रात 'जागतिक क्षयरोग दिन' एवढे तीन शब्द दिसतात. हा दिवस २४ तारखेलाच का, हे मी कितीतरी नव्या मुलामुलींना विचारलं आहे. उत्तर क्वचितच मिळालं. यात दोष त्यांचा नाही, त्यांना हे कुठे वाचायलाच मिळालेलं नसतं.

२४ मार्च १८८२, शुक्रवार, संध्याकाळ. बर्लिनच्या फिजिऑलॉजिकल सोसायटीची बैठक. रॉबर्ट कॉख तेव्हा ३८ वर्षांचा. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो एका आडगावात डॉक्टरकी करत होता आणि तिथेच त्याने काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या जंतूचा जीवनक्रम उलगडला होता. त्या संध्याकाळी तो सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, परीक्षानळ्या, बाटल्यांतले अवयवांचे तुकडे, अशी जवळजवळ सगळी प्रयोगशाळाच सोबत घेऊन आला. दोनशेहून अधिक नमुने त्याने मांडले होते. बोलण्यात तो काही वाकबगार नव्हता. क्षयाने माणसं किती मरतात हे त्याने आधी सांगितलं. सातांतला एक मृत्यू या एका रोगाने होतो, हा त्याने दिलेला हिशेब. मग या रोगाचं कारण असलेला जंतू आपल्याला कसा सापडला, हे तो पायरीपायरीने सांगत गेला. भाषण संपलं तेव्हा टाळ्या नाहीत, प्रश्न नाहीत, वाद नाही. लोक उठले आणि एकेक करून सूक्ष्मदर्शकांकडे गेले.

हा जंतू तोवर कोणाला का दिसला नव्हता, हे मला आमच्या कामामुळे नीट कळतं. तो साध्या रंगांना दाद देत नाही. कॉखने मेथिलिन ब्लूमध्ये अल्कली घातली, काचपट्टी त्यात चोवीस तास ठेवली आणि वर तपकिरी रंग दिला, तेव्हा तपकिरी पेशींमध्ये निळ्या काड्या उमटल्या. तो वाढतोही फार सावकाश. इतर जंतू एका रात्रीत वाढून दिसतात, याच्या वसाहती डोळ्यांना दिसायला दुसरा आठवडा लागतो. इतके दिवस काही उगवत नाही म्हटल्यावर दुसऱ्या कोणीही नळ्या धुऊन टाकल्या असत्या. कॉखने तापवून घट्ट केलेला रक्तद्रव त्यांत घालून शरीराच्या तापमानाला त्या राखल्या, वाढलेले जंतू गिनीपिगना टोचले आणि त्यांना क्षय झालेला दाखवला. क्षय एकापासून दुसऱ्याला लागतो हे फ्रान्सच्या व्हिलमाँने १८६५ सालीच प्रयोगांनी दाखवलं होतं, पण पुष्कळांनी ते मानलं नव्हतं. जंतूच डोळ्यांसमोर आल्यावर न मानायला जागा उरली नाही.

त्या खोलीत पॉल एर्लिख नावाचा एक तरुण डॉक्टर बसला होता. रंगांचं त्याला वेड होतं. डॉक्टरेटचा प्रबंधही त्याने रंगांवरच लिहिला होता. त्या संध्याकाळला त्याने पुढे आपल्या वैज्ञानिक आयुष्यातला सर्वांत मोठा अनुभव म्हटलं. बैठकीनंतर तो तडक कामाला लागला आणि आणखी चांगली रंगपद्धत शोधू लागला. असं सांगतात की, रंगवलेल्या काचपट्ट्या त्याने विझलेल्या शेगडीवर वाळायला ठेवल्या, सकाळी कोणीतरी नकळत ती शेगडी पेटवली आणि त्या उष्णतेने जंतूंवर रंग असा काही चढला की ते लख्ख दिसू लागले. शेगडीची गोष्ट बाजूला ठेवली तरी एर्लिखने काही आठवड्यांतच दाखवून दिलेली मुख्य बाब पक्की आहे. एकदा रंग चढला की आम्ल ओतलं तरी हा जंतू तो सोडत नाही. झील आणि नीलसन या दोघांनी पुढे त्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगैरे फेरफार केले आणि त्यांच्याच नावाने ती जगभर गेली.

तीच पद्धत आम्ही वापरत होतो. रुग्ण डबीत बेडका आणून देतो. त्यातला पिवळट, घट्ट भाग काडीने उचलून काचपट्टीवर पातळ पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. मग वर कार्बोल फुक्सिन हा लालभडक रंग ओतायचा आणि खालून ज्योत देऊन वाफ निघेपर्यंत तापवायचं. उकळू द्यायचं नाही, सुकू द्यायचं नाही. पाच मिनिटांनी पट्टी पाण्याने धुऊन सल्फ्युरिक आम्ल टाकलं की लाल रंग उतरू लागतो. पेशींचा उतरतो, तोंडातल्या इतर जंतूंचाही उतरतो. क्षयाच्या जंतूचा मात्र उतरत नाही, कारण त्याच्या आवरणात मेणासारखा पदार्थ असतो आणि तापवून आत शिरलेला रंग तिथेच अडकून राहतो. शेवटी मेथिलिन ब्लू. तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की निळ्यावर बारीक, जराशा वाकलेल्या लाल काड्या दिसतात. सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा गोल भाग म्हणजे एक फील्ड; अशी शंभर फील्ड पाहिल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, हा आमचा दंडक. पहिल्याच फील्डमध्ये काड्यांचे पुंजके दिसले की बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या घरी लहान मुलं आहेत का, हा विचार आधी मनात येई.

आता १४ मार्चकडे वळते. आइन्स्टाइनचा जन्म १४ मार्च १८७९चा. त्याच्या बरोबर पंचवीस वर्षं आधी, १४ मार्च १८५४ रोजी पॉल एर्लिख जन्मला. आइन्स्टाइनच्या शेजारी त्याचं नाव आपल्या सदरात एकदाही पाहिल्याचं मला आठवत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, १५ मार्च १८५४ रोजी एमिल फॉन बेरिंग. एका दिवसाच्या अंतराने जन्मलेली ही दोन मुलं पुढे कॉखच्याच हाताखाली कामाला आली. घटसर्पाने लहान मुलं गुदमरून मरत, त्या काळातली ही गोष्ट. बेरिंग आणि त्याचा जपानी सहकारी कितासातो यांनी १८९० साली दाखवून दिलं की, रोगाशी झुंजून तगलेल्या जनावराच्या रक्तद्रवात त्या विषावरचा उतारा तयार झालेला असतो आणि तो दुसऱ्याला देता येतो. पण या रक्तद्रवाची ताकद प्रत्येक वेळी वेगळी. कधी गुण येई, कधी येत नसे. ती ताकद मोजायची कशी, तिचं एकक कोणतं, हे एर्लिखने बसवून दिलं. त्यानंतरच हे औषध डॉक्टरांना बिनधास्त वापरता येऊ लागलं. वैद्यकाचं पहिलं नोबेल १९०१ साली एकट्या बेरिंगला मिळालं. एर्लिखला १९०८पर्यंत थांबावं लागलं आणि तेही मेचनिकॉफबरोबर विभागून. कितासातोला मिळालंच नाही. मापं ठरवणाऱ्याचं, तपासणाऱ्याचं काम नेहमी मागे राहतं, हे मला मनापासून लागतं. निदान १४ तारखेच्या यादीत तरी एर्लिख हवा.

या एर्लिखच्या आयुष्यातली एक घटना मी विसरू शकत नाही. १८८८च्या सुमारास त्याला खोकला जडला. त्याने स्वतःची थुंकी काचपट्टीवर घेतली, स्वतःच्या पद्धतीने रंगवली आणि त्यात क्षयाचे जंतू पाहिले. हवापालटासाठी तो इजिप्तला गेला, १८८९ साली बरा होऊन परतला आणि नंतर कितीतरी वर्षं काम करत राहिला. सिफिलिसवरचं ६०६ क्रमांकाचं औषध त्याने आणि साहाचिरो हाता या जपानी सहकाऱ्याने शोधलं ते त्यानंतर, १९०९ साली.

सगळ्यांना असं बरं होता आलं नाही. ३१ मार्चला आपण आनंदीबाई जोशींची जयंती छापता. जन्म १८६५ सालचा. छापा, जरूर छापा. पण त्यांचा कमावलेला दिवस ११ मार्च आहे. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजने त्यांना एम.डी. पदवी दिली. समुद्रापार, परक्या थंडीत, ढासळत्या प्रकृतीने त्यांनी ती मिळवली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तारखा शेजारी ठेवून पाहा. बर्लिनच्या त्या संध्याकाळला तेव्हा पाच वर्षंही झालेली नव्हती. त्यांना काय मारतं आहे हे जगाला कळलं होतं, ते काचेवर रंगवून दाखवता येत होतं, पण त्यावर औषध नव्हतं. क्षयाला भिडणारं पहिलं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडलं. २६ फेब्रुवारी, ११ मार्च, २४ मार्च आणि ३१ मार्च या चार नोंदी आपण एका वर्षी एकमेकींचा उल्लेख करत छापल्या, तर वाचकाला महिनाभरात एक सलग गोष्ट मिळेल.

एका जन्मतारखेला मात्र माझी हरकत नाही, ती २७ मार्चची. विल्हेल्म राँटजेन २७ मार्च १८४५चा. त्याने क्ष-किरण पाहिले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, तेव्हा त्याचा कामाचा दिवस हिवाळ्याच्या तोंडावर येतो. तरीही क्षयरोग दिनानंतर तीनच दिवसांनी त्याची आठवण निघावी हे मला आवडतं, कारण थुंकीत काही सापडलं नाही की रुग्ण आमच्याकडून एक्स-रेच्याच खोलीत जाई. भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यालाच, बेरिंगच्या बरोबरीने त्याच १९०१ साली. त्याने आपल्या शोधाचं पेटंट घेतलं नाही आणि पारितोषिकाची रक्कम आपल्या विद्यापीठाला देऊन टाकली. कंसातल्या दोन सालांऐवजी ही एवढी ओळ छापली असती, तर तो माणूस कळला असता.

३० मार्चला व्हॅन गॉगबरोबर एका खेड्यातल्या डॉक्टरलाही जागा द्या. ३० मार्च १८४२ रोजी अमेरिकेत, जॉर्जियातल्या जेफरसन इथे क्रॉफर्ड लाँग याने एका तरुणाला ईथर हुंगवून त्याच्या मानेवरची गाठ काढली. रुग्णाला काही कळलं नाही. लाँगने आपल्या वहीत ईथर आणि गाठ काढण्याचे मिळून दोन डॉलर मांडले आणि पुढच्या रुग्णाकडे वळला. हे त्याने छापून प्रसिद्ध केलं १८४९ साली. तोवर बॉस्टनमध्ये मॉर्टनने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी भर सभागृहात ईथरचा प्रयोग करून दाखवला होता आणि श्रेय तिकडे गेलं होतं. त्याआधी शस्त्रक्रिया म्हणजे माणसाला चार जणांनी धरून ठेवायचं आणि सर्जनने जमेल तितक्या लवकर उरकायचं. भूल देऊन शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाने ही तारीख एकदा तरी वाचलेली असावी.

वैद्यकाबाहेरही असे दिवस आहेत. १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेलला स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून युरेनस दिसला आणि आधी तो त्याला धूमकेतू वाटला. १६ मार्च १९२६ रोजी रॉबर्ट गॉडर्डने द्रवरूप इंधनावरचं पहिलं रॉकेट उडवलं, ते जेमतेम अडीच सेकंद वर राहिलं. त्यांबद्दल जाणकारांनी लिहावं.

कोणी म्हणेल, जन्मतारीख निदान पक्की तरी असते. तीही नसते. संगीतकार बाखचा जन्म २१ मार्च १६८५चा म्हणून सगळीकडे छापतात, पण ती जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतली तारीख आहे. आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे तो ३१ मार्चला जन्मला. न्यूटन गेला २० मार्चला आणि त्याच्या समाधीवर साल आहे १७२६, कारण इंग्लंडात तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. आजच्या हिशेबाने तोच दिवस ३१ मार्च १७२७. आठ मार्चचा महिला दिनही घ्या. १९१७ साली पेट्रोग्राडच्या कामगार स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या त्या दिवशी रशियातल्या भिंतींवर २३ फेब्रुवारी ही तारीख होती. जुन्या तारखा छापताना पुढे 'जुनी दिनदर्शिका' एवढे दोन शब्द घातले तर घोळ मिटेल.

जागेची अडचण मला कळते. पण २४ मार्चची नोंद अशी करता येईल: '१८८२: रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू दाखवला. त्या काळी सातांतला एक मृत्यू क्षयाने होत असे. म्हणून आज जागतिक क्षयरोग दिन.' तीन वाक्यं. यासाठी एक-दोन राजघराण्यांचे जन्म-मृत्यू गाळावे लागले तर गाळा.

कामाची तारीख छापण्याचा आणखी एक फायदा आहे. जयंती छापली की माणसाची आरती होते. काम छापलं की चुकाही सांगता येतात. याच कॉखने १८९० साली ट्यूबरक्युलिन हे क्षयावरचं औषध म्हणून जाहीर केलं. दूरदूरचे रुग्ण आशेने बर्लिनला धावले आणि ते औषध फसलं. पुढे तोच पदार्थ निदानाच्या कामी आला आणि हातावर टोचून फुगवटा मोजायची चाचणी त्यातून निघाली. हेही वाचकाला सांगितलं पाहिजे, कारण क्षय अजून गेलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ८ लाख माणसांना क्षय झाला आणि साडेबारा लाख माणसं त्याने मेली. नीट निदान झालं आणि औषधं पूर्ण मुदत घेतली तर बरा होणारा हा रोग आहे. तीन आठवड्यांच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करून घरी बसलेल्या माणसाने २४ मार्चच्या सकाळी आपलं सदर वाचलं आणि तो थुंकी तपासायला निघाला, असं घडू शकतं. आमच्या खिडकीशी वर्तमानपत्राचं कात्रण हातात घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

तेव्हा येत्या मार्चपासून ११, २४ आणि ३० या तारखांना कामाच्या नोंदी द्याव्यात आणि १४ तारखेला आइन्स्टाइनच्या खाली पॉल एर्लिखचं नाव घालावं, ही विनंती.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ